फॅक्टर सातची कमतरता आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया

प्रश्न: माझ्या बहिणीला फॅक्टर सातची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या एका प्रथिनाची) जन्मजात कमतरता आहे. आजवर तिला फारसा रक्तस्राव झालेला नसताना, केवळ पातळी कमी आहे म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी फॅक्टर द्यावाच लागतो का?

उत्तर १: या विकारात पातळी आणि प्रत्यक्ष रक्तस्राव यांचा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून दात काढताना, बाळंतपणात किंवा जखम झाल्यावर काय घडले, हा इतिहास रक्तविकारतज्ज्ञ आकड्याइतकाच महत्त्वाचा मानतात. फॅक्टर द्यायचे ठरलेच, तर त्याचे अर्धायुष्य (शरीरातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) जेमतेम ४ ते ६ तासांचे असल्याने एका मात्रेवर भागत नाही. नंतरच्या मात्रांचा साठा आधीच हाताशी हवा, आणि माझ्या मते नियोजन नेमके इथेच कच्चे राहते.

उत्तर २: फॅक्टर तेराचे याच्या उलट आहे. त्याचे अर्धायुष्य ९ ते १४ दिवसांचे असते. मात्र त्याच्या कमतरतेत पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या सामान्य येत असल्याने निदानच हुकू शकते.

उत्तर ३: ट्रॅनेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाविषयीही विचारावे. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन टाळतात, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवावे. फॅक्टर दिल्यावर रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो, त्यामुळे ‘जास्त दिले तर बरे’ असे गृहीत धरू नये.