राजा 'दुबळा' की 'नाकर्ता'?

तापीकाठ: थाळनेरच्या फारुकी कबरींचं (खान्देशच्या जुन्या सुलतान घराण्याच्या) माहितीपत्रक इंग्रजीवरून मराठीत करतोय. शेवटचा सुलतान बहादूरशाह 'वीक' होता, असं मूळ वाक्य. मी 'दुबळा' लिहिलं. काका म्हणाले, दुबळा म्हणजे गरीब. याच्या हातात तर असीरगडासारखा बळकट किल्ला होता! मग काय लिहू?

सातपुडा: काकांचं बरोबर. 'नाकर्ता' लिहा. बाप राजे अली खान 1597 मध्ये मोगलांकडून लढताना पडला. पोराने अकबराशी वाकडं घेतलं, पण पुढे ना धड लढाई, ना धड तह. राजधानी बुऱ्हाणपूर मोकळं सोडलं, गडावर माणसं-जनावरं कोंबली, रोगराई पसरली. जानेवारी 1601 मध्ये गड गेला. साधनं होती, धमक नव्हती.

शब्दपारखी: 'नाकर्ता'तला 'ना' फारसी आहे, नादान-नालायकमधला. 'अकर्ता' लिहा.

एरंडोलकर: 'अकर्ता' अजिबात नको. कीर्तनात अकर्ता म्हणजे करूनही न लिंपणारा. ती स्तुती झाली. 'नाकर्ता' माझी आजी कापूस वेचणीच्या दिवसांत ओट्यावर बसून राहणाऱ्याला म्हणायची. तिला कुठली फारसी? 'ना' आपलाच, 'नावडता'सारखा.

शब्दपारखी: नावडता म्हणजे न + आवडता. तिथे 'ना' नाहीच.

सातपुडा: फारुकी वारसांना गडावरच अडकवून ठेवायची रीत होती. बहादूरशाहला राज्य करायला शिकवलं कोणी? हा दोष घराण्याच्या पद्धतीचाही आहे.

धुळेकर: 'पळपुटा' का नको? दुसरा बाजीरावही जून 1818 मध्ये असीरगडाजवळच इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांच्या सालीना तनख्यावर.

तापीकाठ: भाऊ, बहादूरशाह पळाला कुठे? गडावर बसूनच राहिला.

माहेर_शिरपूर: 'पळपुटा' बाजीरावालाही अपुरा पडतो. पळण्यापेक्षा मोठा गुन्हा 1802 चा, वसईच्या तहाचा. गादी टिकवायला इंग्रज घरात घेतले. त्या धामधुमीत आपला खान्देश लुटला गेला, मागोमाग दुष्काळ पडला, गावं ओस पडली. आणि 1818 च्या फेब्रुवारीत थाळनेरचा होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा इंग्रजांशी लढला, फासावर गेला. दादा, पत्रकात त्याचं नाव आहे का?

तापीकाठ: नाही ताई. आजच घालतो.

शब्दपारखी: 'किल्लेदार' नको, 'गडकरी' लिहा.

एरंडोलकर: गडकरी म्हणजे गडाची राखण करणारे वतनदार शिपाईसुद्धा. मामा किल्ल्याचा मुख्य होता. किल्लेदारच ठेवा.