थर्मोस्टॅट घरी बदलणे हा आगाऊपणा नव्हे

सातारकर : ‘घाटकरी’ यांनी परवा लिहिले की गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव (कूलंट) रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलणे हे घरी करायचे काम नाही, आणि आपल्या उष्ण हवेत तो काढून टाकला तरी चालते. पहिले मत मी ऐकून घेईन, दुसऱ्याचा मात्र मला मनापासून राग आला. त्यातले मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून झडप उघडते आणि तोवर कूलंट इंजिनातच फिरतो. झडपच नसेल तर इंजिन तापायला वेळ घेते, पेट्रोल जास्त जाते आणि तेलात ओल साचते. शिवाय उघडताना बायपासची वाट बंद करणारा थर्मोस्टॅट काढला, तर काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत येतो आणि अशी गाडी चढावर उलट अधिक तापते. मी गेल्या महिन्यात तो घरीच बदलला. आधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर धरून नवा किती अंशांना उघडतो ते पाहिले, मग गार इंजिनातला कूलंट घमेल्यात काढला, जुनी गॅस्केट खरवडली आणि हवेचे छिद्र वर ठेवून तो बसवला.

घाटकरी : तुमचे बोल्ट सुटले, हे तुमचे नशीब. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये (थर्मोस्टॅटच्या घरात) गंजून बसलेला बोल्ट तुटला की काय होते, ते टोचन करून आणलेल्या गाड्यांवर मी २२ वर्षे पाहतो आहे. थर्मोस्टॅट मीही काढला आहे, पण वरंध घाटात रात्री अडकलेल्या कुटुंबाला घरी पोहोचवण्यासाठी.

लातूरकर : तुम्ही दोघेही मूळ दुखणे सोडून भांडत आहात. आमच्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओततात, त्याचा क्षार धरतो आणि झडप अडकते. माझ्या गाडीत एका गॅरेजने दोन वर्षे तेच पाणी भरले. पुढे थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, इंजिन तापून त्याचे हेड (वरचा भाग) वाकले आणि दुरुस्तीत माझा दिवाळीचा बोनस गेला.

घाटकरी : एका गॅरेजच्या चुकीसाठी सगळ्यांना दोष देऊ नका! कूलंटचे पैसे सांगितले की ‘पाणीच घाला’ म्हणणारे गिऱ्हाईक मी रोज पाहतो.

लातूरकर : गिऱ्हाइकाला परिणाम समजावून सांगणे तुमचे काम नाही का? डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

घाटकरी : सांगतो, आणि ऐकले नाही तर गाडी परत पाठवतो. तुम्ही मात्र दोन वर्षांत एकदाही झाकण उघडून पाहिले नाही, हेही लिहा.

पनवेलकर : पाण्यावर एवढे बोललात, तर घमेल्यातल्या जुन्या कूलंटचे काय केले तेही सांगा. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कोणीतरी अंगणात सांडलेले ते चाटून आमच्या गल्लीतली कुत्री मेली आणि तिची पिल्ले उघड्यावर पडली.

सातारकर : मी तो कॅनमध्ये भरून ठेवला आहे, गटारात ओतलेला नाही. ‘घाटकरी’, अडलेल्या वेळी झडप काढण्याबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते, पण गावी पोहोचल्यावर नवीन बसवायलाच हवी.

घाटकरी : बसवायलाच हवी, हे मी आधीच लिहायला हवे होते. आता सांगा, कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) तापेपर्यंत इंजिन चालू ठेवून हवा काढली होती का?

सातारकर : हीटर लावायचे राहिले.

घाटकरी : मग उद्या इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडा, पातळी उतरली असेल तर भर घाला आणि हवा काढा. तोवर घाटात जाऊ नका.