शब्दचर्चा: धुऱ्यावरच्या ‘मेंदी’चं खरं नाव काय?

प्रश्न, वणीकडून
आमच्या वावराच्या धुऱ्यावर, पांदणीच्या अंगाला एक झुडूप आहे. पुरुषभर उंच, बुडापासूनच सात-आठ फांद्या फुटलेल्या. चैत्रात सागाला पान राहत नाही, पळस नुसता फुलांवर उभा असतो, तेव्हाही हे हिरवंगार. घरी सगळे ‘मेंदी’ म्हणतात. मी पानं वाटून तळहाताला लावून रात्रभर ठेवली, रंगाचा ठिपकासुद्धा उमटला नाही. शेळ्या तोंड लावत नाहीत. याला मराठीत काय म्हणतात? आणि ‘सदाहरित’ हा पुस्तकी शब्द सोडून बोलीत काही शब्द आहे का?

दर्यापूरकडून
ताई, आमच्या इकडे जे कैचीनं कापून सरळ करता येते ते समदं मेंदीच. नावाचं काय घेऊन बसलात!

आर्वीकडून
नावाचंच घेऊन बसायचं आहे, भाऊ. तुम्ही म्हणता ते मात्र अगदी खरं. आपल्याकडे ‘मेंदी’ हे एका झाडाचं नाव उरलेलं नाही, ते कुंपणाच्या कामाचं नाव झालं आहे. हाताला लावायची खरी मेंदी कुंपणाला लावत, म्हणून पुढे जे जे कुंपणाला आलं ते मेंदी झालं. कोयनेल मेंदी, डुरांटाही मेंदी. म्हणून नावावरून ओळख पटणार नाही, झाडाकडेच जावं लागेल.

ताई, तीन गोष्टी पाहून सांगा. पानं दांडीवर जोडीनं समोरासमोर आहेत की एकाआड एक? खरी मेंदी, कोयनेल, डुरांटा या तिघांचीही पानं समोरासमोर असतात. दुसरं, कोवळा शेंडा चिमटीत धरला तर बोटं चिकटतात का? ‘चीक’ निघतो का, असं मी विचारत नाही. चीक म्हणजे रुईसारखा पांढरा, तोडल्यावर वाहणारा. मी पानाच्या वरच्या चिकटपणाबद्दल विचारतोय. तिसरं, फळ कसं आहे? पान चावून मात्र पाहू नका.

वणीकडून
आज सकाळीच पाहून आले. पानं एकाआड एक, लांबट, बोटाएवढी. वॉर्निश फिरवल्यासारखी चकाकतात. शेंडा धरला तर बोटाला बोट चिकटलं. चीक नाही. फळं वाळलेली आहेत. कागदासारखे तीन पंख एकत्र शिवल्यासारखं दिसतं, हलवलं की आत बारीक खुळखुळतं. पण एक कळलं नाही. अशी पाच झुडपं आहेत, फळं तिघांनाच. दोघांना मी कधीच पाहिली नाहीत.

आर्वीकडून
मग शंका नाही. ही जखमी. रिठ्याच्या कुळातली. शास्त्रीय नाव डोडोनिया व्हिस्कोसा. त्यातलं पहिलं नाव रेम्बर्ट डोडून्स या सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश वनस्पतीतज्ज्ञाच्या स्मरणार्थ, दुसऱ्याचा अर्थ ‘चिकट’. तुमच्या बोटांनी जे सांगितलं तेच नावात आहे. फळ न धरणारी दोन झुडपं बहुतेक नर असावीत. जखमीत नर आणि मादी झाडं बरेचदा वेगळी असतात. फुलांना पाकळ्या नसतात, म्हणून फुलोरा येऊन गेला तरी लक्षात येत नाही.

आता शब्द. जखम फारसीतून आलेला, जखमी म्हणजे घायाळ, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक. पण इथे झाड घायाळ नाही, जखमेच्या कामाचं आहे. पाला जखमेवर, सुजेवर बांधत, म्हणून ती ‘जखमी’. पानफुटीला ‘घायमारी’ म्हणतात, त्यातला ‘घाय’ संस्कृत ‘घात’वरून आला. एकदांडीला ‘जखमजोडी’ म्हणतात, तिच्यात पुन्हा फारसी. वावरात विळा लागला की माणूस जो पाला शोधतो, त्याला नाव मिळतं ते त्या गरजेवरून, शब्द कुठल्या भाषेतून आला ते कोणी पाहत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

हिंदीत जखमीला ‘विलायती मेंदी’ म्हणतात. विलायती चिंच मेक्सिकोकडची आहे, तरी ‘विलायती’च. परकं, आपल्या ओळखीच्या झाडासारखं पण ते नव्हे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

चंद्रपूरकडून
‘सदाहरित’बद्दल. पुस्तकात सदापर्णी असाही शब्द आहे आणि तो मला जास्त नेमका वाटतो, कारण मुद्दा पान न झडण्याचा आहे. तसं या झाडांचंही पान झडतं, पण सगळं एकदम नाही. जुनं गळायच्या आत नवं आलेलं असतं. बोलीत मी ‘बारमाही हिरवं’ ऐकलं आहे. आमची माय ‘हे कधी उघडं पडत नाही’ म्हणायची. आमच्याकडचं जंगल पानगळीचं, म्हणून वैशाखात हिरवं दिसलेलं झुडूप लगेच डोळ्यात भरतं.

ताईंनी ‘झुडूप’ बरोबर वापरलाय. बुडापासून अनेक फांद्या, एक खोड नाही, ते झुडूप. यावरूनच आपल्या सातबाऱ्यावरचं ‘झुडपी जंगल’ आलं. पूर्व विदर्भात हा महसुली शब्द आहे. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी मानाव्यात असा निकाल दिला, तेव्हा या एका शब्दाच्या अर्थावर पानंच्या पानं लिहिली गेली. तलाठ्याच्या दप्तरातला साधा शब्द, पण त्यावर कितीतरी घरांचं आणि वावरांचं भवितव्य टांगलेलं.

वणीकडून
सगळ्यांचे आभार. काल फांदी घेऊन आत्याकडे गेले. ‘ही जखमी’ म्हटलं, तर तिला काहीच कळलं नाही. मग पान हातात दिलं. तिनं ते चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाली, ‘हा तं मुरगळीचा पाला व्हय. तुह्या बाबाचा पाय लचकला व्हता तं तव्यावर गरम करून बांधला व्हता म्या.’ म्हणजे नाव घरातच होतं, मी विचारलं नव्हतं. आत्या त्याच कुंपणाला ‘मेंदी’ म्हणते आणि त्याच्याच तोडलेल्या फांदीला ‘मुरगळीचा पाला’.

मारेगाव, झरी, पांढरकवड्याकडे कोणी ‘मुरगळीचा पाला’ म्हणतं का? की हे आमच्याच घरचं आहे?