पाय सुटले तो क्षण

घाटवाट :
गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे कॉलेजमित्र कामशेतला पॅराग्लायडरने उडायला गेलो. उडायला म्हणजे, बहुतेक वेळ डोंगरावर बसूनच काढला. वारा समोरून, उतारावर चढत येणारा आणि बेताचा हवा. तो तसा येईपर्यंत वाट बघायची. मुरलेले लोक याला 'पॅरावेटिंग' म्हणतात. अडीच तास शेंगदाणे खाल्ले, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी विंडसॉककडे टक लावून बसलो आणि मग एकदम घाई सुटली. आमच्यातला जो गडी किल्ल्यांवर कड्याच्या टोकाला पाय सोडून बसतो, तोच नेमका दोन पावलं धावून खाली बसला. मागून त्याच पंखाला बांधलेला पायलट ओरडतोय, "भागो, भागो, बैठो मत!" आणि हा त्याला घेऊन गवतात. दुसऱ्या खेपेला गेला बापडा. वरून लोहगड-विसापूर दिसले म्हणे. मला फक्त माझे बूट आठवतात, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं ते.

तुमचं लिहा. पॅराग्लायडर असो की हँग ग्लायडर, पाय जमिनीवरून सुटले तेव्हाचं लिहा.

भाकरवडी :
आम्ही शाळेतल्या पाच मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या, हिमाचलात बीर-बिलिंगला गेलो. बीरहून जीप वर बिलिंगला नेते, साधारण २४०० मीटरवर. पाठीशी धौलाधार, समोर कांगड्याचं खोरं उघडं पडलेलं. २०१५ साली इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला, हे जीपवाल्याने जाताना दोनदा सांगितलं.

माझा पायलट विशीतला पोरगा. म्हणाला, "आंटी, बस दौड़ना, सोचना मत." मी विचार करतच धावले. जमीन कधी संपली ते कळलंच नाही, पाय आपले हवेत सायकल मारतायत. जत्रेतल्या पाळण्यासारखा पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. लहानपणी कुणी काखेत हात घालून उचलावं, तसं वाटलं. गोळा आला तो शेवटी. उतरायच्या आधी त्याने विचारलं, "स्पायरल करें?" मला वाटलं फोटोचा काहीतरी प्रकार असेल, म्हटलं कर. मग गरागरा गोल, अंग दुप्पट जड, गाल हनुवटीपर्यंत ओघळलेले. सकाळचे आलू पराठे कांगडा जिल्ह्याला अर्पण. बायांनो, हलकं खाऊन जा आणि त्या एका प्रश्नाला नाही म्हणा.

उशिरा आलेला :
माझे पाय सुटलेच नाहीत. ऑगस्टची स्वस्त तिकिटं काढून बीरला गेलो. १५ जुलै ते १५ सप्टेंबर पावसामुळे हिमाचलात उड्डाणं बंद असतात, हे तिथल्या चहावाल्याकडून कळलं. मोमो चांगले होते.

सह्यकडा :
मी कॅलिफोर्नियात असतो. आमचं प्रकरण हँग ग्लायडरचं : ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि खाली आपण पालथे लटकलेले. सुकाणू नाही. समोरच्या दांडीला धरून अंग डावीकडे नेलं की पंख डावीकडे वळतो, एवढंच. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघे योसेमिटीच्या ग्लेशियर पॉइंटवरून उडालो. दरीचा तळ तिथून जवळजवळ ९७५ मीटर खाली. परवानगी फक्त वरचं रेटिंग असलेल्यांना, आणि तीही सकाळी लवकर. ऊन चढून ग्रॅनाइटचे कडे तापले की हवा उसळ्या मारायला लागते; त्याआधी दरी साय धरलेल्या दुधासारखी निवांत असते.

कड्याला उतरता कातळ आहे. उजवीकडे हाफ डोम, समोर पलीकडे योसेमिटीचा धबधबा. पहिली तीन पावलं तीसेक किलोचा पंख खांद्यावर बसतो. चौथ्याला तो हलका होतो, सहाव्याला तोच आपल्याला ओढायला लागतो. सातवं पाऊल मी टाकलं, ते कातळाला लागलं नाही. मग तारांतून शीळ घालणारा वारा, बाकी काही नाही. श्वास रोखलाय हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. दहा-बारा मिनिटांत लायडिग मेडो या कुरणात उतरलो. मी उभ्याने, मागून आलेल्याने पंखाचं नाक आपटलं. (तो हे वाचणार आहे.)

घाटवाट :
वा! आणि गाडी खाली कोणी आणली?

जमिनीवरचा :
मी. ते तिघे उडाले, चौथा मी. वरून दरीत यायला रस्त्याने तासभर लागतो.

सह्यकडाने एक गोष्ट गाळली आहे. उडण्याआधी 'हँग चेक' करतात : एकाने पंख धरायचा, उडणाऱ्याने पालथं लटकून दाखवायचं. म्हणजे कॅराबिनर, अंगावरच्या पट्ट्यांची ती धातूची कडी, पंखाला अडकवलाय की नाही ते कळतं. त्या दिवशी पंख मी धरला होता. साहेब ऐटीत पुढे झुकले आणि थेट कातळावर पोटावर. अडकवलाच नव्हता. फोटो काढायला मध्येच सोडला होता म्हणे. आम्ही सगळे हसलो. मग कोणीच हसेना. कडा पंधरा पावलांवर होता. पुढे २०१८ मध्ये स्वित्झर्लंडला इंटरलाकेनजवळ पायलट पाहुण्याला अडकवायला विसरला आणि तो माणूस दोन मिनिटांहून जास्त वेळ हातांनी लोंबकळत खाली आला, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. लोकांनी मला तो हौसेने पाठवला. मी पूर्ण बघू शकलो नाही.

तर त्याने उठून कॅराबिनर अडकवला, मी ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मग तो धावला. पाय सुटले तेव्हाचं विचारताय ना? मागून बुटांचे तळवे दिसतात. त्याच्या डाव्या टाचेला च्युइंगम चिकटलेलं होतं. नंतर तो कड्याखाली गेला, आणि पुन्हा वर दिसेपर्यंत मी कॅराबिनरचाच विचार करत होतो.

खाली पोचलो तेव्हा तिघांचे पंख गुंडाळून झाले होते आणि डब्यातले धपाटेही संपले होते.