मदत हवी आहे : इमारतीतल्या शिबिरातील रक्तदाबाचे आकडे कितपत खरे मानावेत?

नमस्कार.

लालबागमधील एका पुनर्विकसित इमारतीत आम्ही राहतो. पूर्वी येथे चाळ होती, त्यामुळे बहुतेक कुटुंबे एकमेकांना दोन पिढ्यांपासून ओळखतात. दरवर्षी २६ जानेवारीच्या सत्यनारायणाला जोडून आरोग्य तपासणीचे शिबिर होते आणि या वर्षी त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. तपासणीला आलेल्यांपैकी इतक्या जणांचा वरचा आकडा १४० च्या पुढे निघाला, की समितीतील अर्ध्या लोकांनी यंत्रच बिघडलेले असणार असे म्हणून तो विषय बाजूला ठेवला. उरलेल्यांपैकी एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘मुंबईत बीपी कुणाला नाही?’ असे म्हटले आणि सर्वांनी मान डोलावली.

ते वाक्य मला सहन झाले नाही. पाच वर्षांपूर्वीच्या अशाच शिबिरात माझ्या मोठ्या दिरांचा रक्तदाब १५८/९८ निघाला होता. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते, त्यांना काहीही त्रास नव्हता आणि जिने चढून आल्यामुळे आकडा वाढला असेल असे त्यांना स्वतःला आणि आम्हालाही वाटले. पुन्हा तपासून घ्या असे त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनीही तपासले नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून पुरता चालत नाही आणि बोलताना शब्द अडखळतात. रुग्णालयातून घरी आल्यावर कागदपत्रांची जुळवाजुळव करताना जाऊबाईंना शिबिराचा तो कागद वीजबिलांच्या फाइलमध्ये सापडला. आकड्याखाली लाल शाईने रेघ मारलेली होती.

म्हणून मी थोडे वाचन केले, परंतु त्यातून गोंधळच वाढला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शहरी भागात सुमारे २४ टक्के स्त्रियांना आणि २७ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शहरांसाठी हाच आकडा ४० टक्क्यांच्या वर दिला आहे. मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत तो ३४ टक्क्यांच्या आसपास आला. एकाच देशातील शहरांविषयी इतके वेगवेगळे आकडे कसे, आणि त्यांपैकी कोणता आमच्या इमारतीला लागू पडतो?

आमच्या शिबिराविषयी मला स्वतःलाही शंका आहे. ज्या संस्थेने तपासणी केली, तिने एकच यंत्र आणि एकच पट्टा आणला होता. लोक रांगेत उभे होते, बाजूला ध्वनिक्षेपक चालू होता, कित्येकांच्या हातात कॉफीचा पेला होता आणि खुर्चीत टेकताक्षणी दंडाला पट्टा गुंडाळला जात होता. असे आकडे टाकून द्यावेत, की त्यांच्यावर विश्वास ठेवून लोकांना डॉक्टरांकडे पाठवावे? आणि पुन्हा तपासणी घ्यायची झाली तर ती कशी घ्यावी? या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. उगीच कुणाला घाबरवण्याची माझी इच्छा नाही, पण आणखी एक कागद वीजबिलांत जाऊ नये असे मनापासून वाटते.

प्रतिसाद १

ताई, आपल्या दिरांच्या प्रकृतीला लवकर उतार पडो. मी बरीच वर्षे सामुदायिक आरोग्याच्या कामात आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आकड्यांतील फरकाचे एक सरळ कारण वय हे आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांपासूनची मुलेमुली मोजली जातात, आयुर्विज्ञान परिषदेच्या अभ्यासात २० वर्षांपासूनची माणसे होती आणि मुंबईच्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील. वय वाढते तसा रक्तदाब वाढतो, त्यामुळे कोणाला मोजले यावर उत्तर बरेचसे ठरते. आपल्या इमारतीत पन्नाशीच्या पुढची माणसे जास्त असतील आणि शिबिराला तीच आली असतील, तर प्रमाण या सर्व आकड्यांच्या वर जाणेही अशक्य नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : त्याच मोठ्या अभ्यासात ग्रामीण भागाचा आकडा ३३ टक्के आहे. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरे, पण हा केवळ मुंबईच्या धकाधकीचा परिणाम आहे असे मानून गप्प बसायला जागा नाही.

आता शिबिराविषयी. आपण वर्णन केलेल्या पद्धतीने घेतलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त येण्याचीच शक्यता अधिक आहे. माणसाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायांची अढी नको, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलू नये. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको, आणि लघवीला जाऊन यावे. ज्यांचा दंड जाड आहे त्यांना लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो, म्हणून किमान दोन मापांचे पट्टे मागवून घ्या. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

तरीही जुने आकडे टाकून देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. एका वेळच्या आकड्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान होत नाही, पण त्यावरून पुन्हा कोणाला बोलवायचे हे निश्चित कळते. १४०/९० किंवा त्याहून जास्त असणाऱ्या प्रत्येकाची पुढच्या काही आठवड्यांत वेगळ्या दिवशी फेरतपासणी झाली पाहिजे. दवाखान्यात गेल्यावरच ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वही ठेवावी, मात्र घरच्या मोजणीसाठी मर्यादा १३५/८५ धरतात. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर फेरतपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे मोजणे होते, पाठपुरावा होत नाही. लालबाग-परळमधील कित्येक कुटुंबांची गावे सिंधुदुर्ग आणि साताऱ्याकडची असतात, म्हणून मुद्दाम सांगतो की २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात भंडारा आणि वर्ध्याबरोबर हे दोन जिल्हेही होते. त्या उपक्रमात नवे औषध नव्हते. ठरलेल्या, स्वस्त गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि तारखेला न आलेल्या माणसाशी संपर्क साधणे, एवढ्यावर तो उभा होता. इमारतीत असे एक रजिस्टर ठेवणे आपल्याला सहज जमेल. गोळ्यांसाठी महानगरपालिकेचा ‘आपला दवाखाना’ आहे, तेथे तपासणी आणि औषध मोफत मिळते आणि अनेक केंद्रे संध्याकाळीही उघडी असतात.

प्रतिसाद २

रजिस्टरमध्ये एक रकाना ‘गोळी चालू आहे का’ असाही ठेवावा, ही विनंती. माझ्या आईचा रक्तदाब गोळीमुळे १३० वर आला, तेव्हा आता बरे झाले असे समजून तिने गोळी परस्पर बंद केली आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा १७० झाला. तो आकडा गोळीमुळे खाली होता, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलेच नव्हते. गुडघेदुखीसाठी ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असे, त्यांनीही रक्तदाब वाढतो हे नंतर डॉक्टरांकडून कळले. आणखी एक : कमी सोडियमचे मीठ घरोघरी वाटण्याचा विचार कुणी मांडला, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. पापड, लोणचे, सुकी मासळी आणि फरसाण कमी करून सगळे मिळून दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा पाळणे सर्वांनाच जमण्यासारखे आहे.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गेल्या दोन रविवारी सकाळी सभागृहात ध्वनिक्षेपक आणि कॉफी न ठेवता, चार-चार जणांना आधी पाच मिनिटे बसवून फेरतपासणी घेतली. दोन मापांचे पट्टे होते. काहींचा आकडा खरोखरच खाली आला, परंतु बहुतेकांचा आला नाही. यंत्र बिघडले आहे असे म्हणणारे समितीतील दोघेही त्यांत आहेत आणि त्यांनी आता डॉक्टरांची वेळ घेतली आहे. न आलेल्या घरांत मी आणि जाऊबाई स्वतः जाऊन आलो.

रजिस्टर करताना एक गोष्ट लक्षात आली, की आमचे तीन वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांना आजवर एकाही शिबिरात कुणी बोलावलेले नव्हते. त्यांची नावे आता घातली आहेत. त्यांतील दोन वॉचमन कायम रात्रपाळी करतात आणि सकाळी आठला सुटतात. रात्रभर जागलेल्या माणसाचा रक्तदाब सुटतानाच मोजावा, की झोप झाल्यावर संध्याकाळी कामावर येताना मोजावा? पुढची तपासणी येत्या रविवारी आहे, त्याआधी कुणी सांगू शकल्यास त्यांची वेळ त्याप्रमाणे ठरवता येईल.