आईला रात्र रात्र झोप नाही, कुठल्या तपासण्या करू? मदत हवी आहे

वेदगंगाकाठ (निपाणी)
आईची झोप पार उडालीय. गावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली, तेवढ्यापुरता डोळा लागतो, मध्यरात्रीनंतर परत उठून बसते. वयामुळे होतं म्हणाले. मला पटत नाही, आत दुसरं काहीतरी असणार. कुठल्या तपासण्या करायच्या तेवढं सांगा. जायफळ, पायाला तेल सगळं करून झालंय.

चिकोडीकर
जायफळ पूड नको, सहाणेवर उगाळून दुधातून द्या. आणि तेल नाही, तूप. तळपायाला काशाच्या वाटीनं घासा. आमच्या आजीला याचाच गुण आला.

शहापूर पेठ
वय किती? झोप लागतच नाही की लागून मोडते? दुसऱ्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? घोरतात का?

टिळकवाडी
घोरण्याचंच बघा आधी. माझ्या वडिलांचं बीपी तीन गोळ्यांनीही उतरत नव्हतं. सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी पेंगायचे. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं, झोपेत श्वासच अडकत होता. आता सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपतात. असा आजार असेल तर झोपेच्या गोळीनं तो आणखी वाढू शकतो.

वेदगंगाकाठ
वय ५८. बीपीची गोळी आहे. घोरत नाही बहुतेक, मी माडीवर झोपतो. अहो, तपासण्यांची नावं विचारलीत मी.

खानापूरची सून
थायरॉइड करा दादा, टीएसएच. सासूबाईंचं असंच होतं. छातीत धडधड, हात थरथरायचे, जेवण व्यवस्थित असून वजन उतरत चाललेलं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते असं निघालं.

टिळकवाडी
यांच्या आईला धडधड आहे असं कुठं म्हणालेत ते?

खानापूरची सून
घोरतात असंही म्हणालेले नाहीत. टीएसएच एका रक्तात होतं, तुमच्या तपासणीला रात्र घालवावी लागते.

काकती फाटा
कुठलीही करा, पण मिरज-कोल्हापूरला जा. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३ मध्ये फुले आरोग्य योजना जाहीर केली, तिचं पुढं काय झालं कुणी सांगेल का?

शहापूर पेठ
त्याला वेगळा धागा काढा की. इथं त्यांची आई जागी आहे.

जुना फार्मासिस्ट
वेदगंगाकाठ, आई उठून नक्की काय करतात? बीपीची गोळी कधी घेतात? मशेरी लावतात का?

वेदगंगाकाठ
परसात फेऱ्या मारते. आडवं झालं की पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखं होतं, चाललं की बरं वाटतं म्हणते. गोळी रात्री जेवल्यावर, मग दोन-तीनदा लघवीला उठणं आहेच. मशेरी विड्या वळायला जायची तेव्हापासून, झोपायच्या आधीही लावते. मागं शिबिरात एचबी (हिमोग्लोबिन) ९ निघालं होतं. याचा झोपेशी काय संबंध?

जुना फार्मासिस्ट
सगळ्याचाच आहे. विसावल्यावर पाय वळवळणं आणि चालल्यावर थांबणं, हे अस्वस्थ पायांच्या आजारासारखं वाटतं. त्यात बऱ्याचदा लोह कमी असतं. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि तिच्याबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. या त्रासात ते ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. बाईचं एचबी १२ च्या खाली म्हणजे रक्त कमीच, ते कुठं जातंय हेही शोधायला हवं. काळी शौच होते का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं का, हे आईला बहिणीकडून विचारून घ्या. शिवाय साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते पट्टीवर बघा. असेल तर ती सकाळी घेतलेली चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बदलू नका. मशेरीत तंबाखू आहे, निकोटिन झोप उडवतं, निदान संध्याकाळनंतर बंद करायला लावा. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही पायांचा त्रास वाढतो. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

टिळकवाडी
हे पटलं. तरी शेजारी कोण झोपतं त्यांना घोरण्याचं विचाराच.

वेदगंगाकाठ
बहीण झोपते, विचारतो. पायांचं आई कधीपासून सांगत होती, आम्ही वात समजून चेपत बसलो. सोमवारी निपाणीत रक्त देतो. उपाशी न्यायचं का?

जुना फार्मासिस्ट
होय, साखरेसाठी. सकाळचा चहासुद्धा नको, पाणी चालेल. झोपेच्या गोळीची पट्टी आणि शिबिराचा कागद डॉक्टरांना दाखवायला ठेवा. आणि लोहाची गोळी सुरू झाली तर तिच्या आगेमागे चहा देऊ नका, लोह नीट लागत नाही.