दिवाळीच्या भेटकार्डांसाठी आणलेले नवे साचे: फोंड्यातील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-204: सर्वांना नमस्कार. सांस्कृतिक निधीतून आणलेल्या नव्या डाय-साच्यांविषयी, म्हणजे यंत्रात दाबून कागद आकारात कापणाऱ्या पोलादी धारेच्या साच्यांविषयी, आता स्पष्ट लिहिणे भाग आहे. काल आकाशकंदिलाचा साचा यंत्रातून फिरवला, तेव्हा अर्धी जाळी कापलीच गेली नाही आणि उरलेली सोडवताना फाटली. साचे बोथट आहेत. ते परत करून पैसे निधीत जमा करावेत. चवथीच्या गडबडीत खरेदीची घाई कोणी केली, हे मी येथे उगाळत नाही.

सी-103: साचा नेल्याची नोंद वहीत आढळत नाही. जो नेईल त्याने सही करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बी-302: ताई, घाई मीच केली हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा आडून बोलण्याची गरज नाही. आपण कागद कोणता घेतला होता?

ए-204: हातकागद. कार्ड हाताने करायचे तर कागदही हाताचाच हवा, असे माझे मत आहे.

बी-302: मग साच्याला दोष देऊ नये. सुती हातकागदातील लांब तंतू बारीक नक्षीच्या कोपऱ्यांत नीट तुटत नाहीत, ओढले जातात. साध्या गोल किंवा चौकोनी आकाराला तो शोभतो. जाळीसाठी मात्र 150 ते 200 जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कागद घ्यावा आणि साचा व कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवावा, म्हणजे नक्षी न फाटता सुटते.

खजिनदार: शिवाय कागदाचा गठ्ठा कार्यालयात खिडकीखाली उघडा पडला आहे. पावसाळ्यातील हवेने ओल धरलेला कागद कापला न जाता दबतो. तो सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवावा. साचेही त्यातच ठेवावेत, कारण पोलाद येथे गंजायला वेळ लागत नाही.

ए-101: साचे खरोखरच बोथट असतील तर आमच्या मुलांना द्यावेत. नरकासुराच्या पुतळ्याचे दात वेडेवाकडे कापले गेलेलेच बरे दिसतात.

सी-103: नरकासुरासाठी नेला तरी वहीत सही लागेल.

ए-204: थट्टा पुरे. माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. एकाच साच्यातून पन्नास कंदील निघणार असतील, तर त्यांना हस्तकला कोणत्या तोंडाने म्हणायचे? इतकी वर्षे कात्रीने कापणारे आम्ही काय वेडे होतो?

बी-302: कात्रीला कोणीही कमी लेखलेले नाही. साचा फक्त कडा देतो, रचना आपणच करायची असते. एकात एक बसणारे चौकोन कापून मागे ट्रेसिंग पेपर लावला, तर आपल्या जुन्या घरांतील शिंपल्यांची खिडकी तयार होते. तोच कंदील तीनदा कापून एकावर एक चिकटवला की उठाव येतो. संपूर्ण कार्डच कंदिलाच्या आकाराचे हवे असेल, तर घडी घातलेला कागद साच्याखाली असा ठेवावा की घडीची बाजू साच्याच्या धारेच्या किंचित आत राहील. मग त्या बाजूची धार कागदाबाहेर पडते आणि कार्ड उघडते. धार कागदाकडेच असावी, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगते.

ए-204: शेवटचे वाक्य कोणासाठी होते, ते कळले.

सी-302: काकी, खिडकीची कल्पना फारच सुंदर आहे, देव बरें करूं. पाच टोकांच्या ताऱ्याचा साचा दिवाळीनंतर आम्हांला नाताळच्या कार्डांसाठी मिळाला तर आनंद होईल.

सी-103: मिळेल. वही दाराजवळच्या कपाटात आहे.

सचिव: साचे तूर्त परत करू नयेत. गुरुवारी संध्याकाळी कार्यालयात कोरड्या, गुळगुळीत कागदावर सर्वांसमक्ष चाचणी घेऊ, त्यानंतरच निर्णय होईल.

खजिनदार: चाचणीपूर्वी यंत्राच्या प्लेटाही पाहाव्यात, ज्यांच्यामध्ये साचा आणि कागद ठेवून दाबतात. प्रत्येक वेळी त्याच बाजूने घातल्यामुळे त्या धनुष्यासारख्या वाकल्या आहेत आणि मध्यभागी दाब सारखा बसत नाही. दर खेपेस त्या उलटायला हव्या होत्या. आता बहुधा नवी जोडी घ्यावी लागेल.

ए-204: अवश्य घ्या. फक्त पैसे कोणत्या ठरावाने काढणार, तेही येथेच लिहावे.

बी-302: ठराव होईपर्यंत माझ्या घरची जोडी वापरा.

सी-103: तिचीही नोंद करावी लागेल.